गुडघा

सत्तावीस मिनिटं उरली होती, तेव्हा थांबलं.
आत रुगिलेच्या चादरी,
साबणाच्या सायीखाली,
काचेला गाल लावून पडलेल्या.

शुक्रवारी काउनासहून आली दोन बॅगा घेऊन.
बूट काढायच्या आधी म्हणाली,
"मशीन मोकळं आहे ना, बाबा?"
तेवढंच.
मी चाळीस वर्षं क्लाइपेदाच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
वजन वर असताना बोलायचं नसतं.
मीही काही विचारलं नाही.

तर, बंद केलं. दहापर्यंत मोजलं. चालू केलं.
घरघरलं, टक् केलं, पुन्हा गप्प.
नळ उघडाच होता.
मागची नळी कुठे मुडपली नव्हती.
खालचं झाकण काढलं, पावाचा ट्रे लावला.
पाणी ट्रेमधून, माझ्या मोज्यांमधून
थेट पॅसेजपर्यंत.
जाळी बाहेर ओढताना वाटलं, काहीतरी निघेल,
नाणं, बटण, केसांची पिन,
कारण म्हणून चिमटीत धरता येईल असं.
निघाला करड्या लोकरीचा बोळा
आणि सूर्यफुलाच्या बियांची दोन टरफलं.
तीही माझीच.

पुस्तिकेत अकरा भाषा. त्यात आमची नाही.
रशियन पानावर एवढंच कळलं
की यंत्र सपाट जागी ठेवावं.

शेवटी हात टेकले आणि वरच्या मजल्यावरून झेनोनासला आणलं.
जहाजावरचा जुना इलेक्ट्रिशियन, सपाता घालूनच आला.
पत्र्याला कान लावून ऐकत राहिला,
माशी नक्की कुठे शिंकली ते.
"दार लागलंय," म्हणाला,
"पण ह्याला ते पटत नाहीये.
ह्याला वाटतंय, उघडंच आहे.
म्हणून थांबतंय बिचारं.
आतलं कुलूप झिजलंय. चौदा युरो. सोमवारी येईल.
तोवर..."
आणि त्याने दारावर गुडघा रेटला.
मशीनने सुस्कारा सोडला, चादरी हलल्या.
त्याचं सूप गॅसवर होतं. तो गेला.
गुडघा आता माझा.

आमचं न्हाणीघर एवढंसं
की टबाच्या काठावर बसलं की गुडघा आपोआप दाराशी.
बारा मिनिटांनी पाय बधिर झाला.
रुगिले आली, तळवा टेकवला, मग गुडघा,
मी माझा काढला,
मध्ये केसाएवढी फट राहिली असेल,
टक्.
"सॉरी," दोघंही म्हणालो.
मशीनला.

दुसऱ्यांदा जमलं.
आधी तिचा गुडघा, त्यानंतरच माझा निघाला.
सतरा. चौदा. अकरा.
खिडकीबाहेर खाडीवरचा वारा
कुणाचा तरी टॉवेल तारेवरून सोडवू पाहत होता.

मग पिळायचं सुरू झालं.
दात घासायचा ग्लास फळीवरून चालू लागला,
टबाचा काठ माझ्या हाडांत वाजू लागला,
आणि नेमकी तेव्हा ती बोलायला लागली.
बराच वेळ. दाराकडे बघत.
मला "जिना" ऐकू आलं. "तीन हिवाळे" ऐकू आलं.
बाकी सगळं बाराशे फेऱ्यांत गेलं.

"काय?" म्हणालो नाही मी.
काचेच्या केबिनमध्ये खालचं काही ऐकू येत नाही,
खालच्या माणसाचे हात वाचायचे असतात.
तिची एक मूठ मांडीवर होती.
ती उलटी झाली, हळूहळू उघडली,
तळवा जमिनीकडे.
धक्क्यावर ह्याचा अर्थ:
सावकाश. आता खाली घे.

माझाही गुडघा नेऊन टेकवला
तिच्या गुडघ्याशेजारी.
गरज नव्हती.

शून्य दिसल्यावरही दार दोन मिनिटं उघडत नाही.
ती दोन मिनिटं कुणीच उठलं नाही.

सोमवारी कुलूप आलं, काडेपेटीएवढ्या खोक्यात.
जिन्यात झेनोनास भेटला. "बसवलंस?"
म्हटलं, स्क्रूड्रायव्हर सापडत नाहीये.
तो माझ्या शर्टाच्या खिशाकडे
बघत राहिला.